बारावी खुर्ची

"काही गोळ्या चालू आहेत का, बाई?"

"नाही," चारुशीला तांबट म्हणाली.

खोटं बोलायचं असं तिने मनाशी ठरवलं नव्हतं. न्यायालयाच्या व्हरांड्यात निवडलेले बारा नागरिक रांगेत उभे होते, परिचारिका एकेकाला खणखणीत आवाजात विचारत होती, आणि चारुशीलाच्या अगदी मागे विक्रांत भोगले उभा होता. व्यायामशाळेचा मालक. त्याच्या घरातल्या सगळ्यांचे चष्मे तिच्याच दुकानातले. चष्म्याचा बारीक स्क्रू बसवणाऱ्या बाईचे हात थरथरतात, ते स्थिर राहावेत म्हणून ती रोज सकाळी एक पांढरी गोळी घेते, हे निंबळगावात कुणालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त तिच्या नवऱ्याला आणि परगावच्या डॉक्टरला. गोळ्यासुद्धा ती परगावाहूनच आणायची. इतक्या वर्षांत "नाही" म्हणायची सवयच जिभेला लागली होती.

रांगेत सर्वांत पुढे केळुसकर सर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मिश्कील हसले. "काय गं चारू, इथेही शेवटच्याच रांगेत?"

"रांग एकच आहे, सर."

"तेही खरंच."

सुधाकर केळुसकरांनी निंबळगावच्या दोन पिढ्यांना विज्ञान शिकवलं होतं. ओळखीवर हरकत घ्यायची म्हटली असती तर गावात बारा पंच मिळालेच नसते. निवृत्तीनंतरही सर दर रविवारी पिशवीत लोहचुंबक, भिंगं आणि मेणबत्त्या भरून गावाबाहेरच्या भटक्यांच्या वस्तीवर जात आणि तिथल्या लहान मुलांना गोळा करून प्रयोग दाखवत. चारुशीलाला त्यांचा सातवीतला एक प्रयोग अजून आठवायचा. तीन पातेली. एकात गरम पाणी, एकात थंडगार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात धरायचा, एक थंड पाण्यात, आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात बुडवायचे. ज्या हाताने गरम पाहिलं त्याला कोमट पाणी गार लागतं, ज्याने गार पाहिलं त्याला तेच पाणी कढत लागतं. तुम्ही घरी करून पाहा, दोन्ही हात एकाच माणसाचे असून भांडू लागतात. "हात खोटं बोलत नाहीत," सर म्हणाले होते, "पण आधी ते कुठे बुडवले होते, ते विचारल्याशिवाय त्यांचं ऐकू नये."

पोलिसांच्या गोळीने कुणी दगावलं तर निवाडा सामान्य नागरिकांनी करावा, असा कायदा नुकताच झाला होता. बारा पंच, आणि निर्णय एकमताने. एकाचंही मत वेगळं पडलं तर खटला नव्या पंचांपुढे पुन्हा उभा राहायचा. सरांना सर्वांनी प्रमुख पंच नेमलं.

खटला थोडक्यात असा होता. दिवस मावळताना शिपाई तुषार घोलप एका चोरीच्या तपासाला मोटरसायकलवरून वस्तीकडे गेला. वस्तीच्या तोंडाशी बादल पवार नावाचा तरुण सायकलचं पंक्चर काढत बसला होता. गणवेश दिसताच तो उठला आणि त्याने कमरेला हात घातला. घोलपने गोळी झाडली. बादलच्या मुठीत निघालं ते प्लास्टिकच्या पाकिटातलं ओळखपत्र.

बादलची आई शेवंताबाई साक्षीला उभी राहिली तेव्हा सरकारी वकिलांनी विचारलं, "पोलिसांनी ओळखपत्र मागितलं नव्हतं. मग त्याने हात कमरेला का घातला?"

"मागायच्या आधी दाखवायचं असतं, साहेब. मागेपर्यंत थांबलं की मार बसतो. आमच्याकडे पोर चालायला लागलं की पहिलं हेच शिकवतात. खाकी दिसली, कार्ड काढ." मग तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "म्याच शिकवलं त्याला."

घोलपही साक्ष देताना रडला. त्याचं रडणं नाटकी नव्हतं, हे चारुशीलाला त्याच वेळी पटलं होतं.

यानंतर बचाव पक्षाने समस्पंद यंत्र मागवलं.

हे यंत्र काय करतं ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला वाटतं, आधी भीती वाटते आणि मग छाती धडधडते. पुष्कळदा हे उलटंही घडतं. मेंदू सतत शरीराची चाहूल घेत असतो. हृदय जोरात चाललं आहे, श्वास तोकडा झाला आहे, तळवे ओले झाले आहेत, असं कळलं की तो समजतो, म्हणजे काहीतरी संकट आहे. आणि मग समोर जे दिसेल त्यालाच तो संकट ठरवतो. जिना धावत चढून आलेल्या माणसाला दारातला ओळखीचा कुत्राही क्षणभर अंगावर येतोसा वाटतो, तो यामुळेच.

हल्ली पोलिसांच्या छातीवर एक पट्टा असतो. नाडी, श्वास, घाम यांची त्यात क्षणाक्षणाला नोंद होते, आणि शिरस्त्राणातला कॅमेरा समोरचं टिपतो. समस्पंद यंत्र या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्याला एकत्र परत देतं. समोरच्या पडद्यावर ते दृश्य, आणि मानेला व पाठीला लावलेल्या चकत्यांतून मज्जातंतूंना सौम्य विद्युतस्पंद. त्या स्पंदांनी तुमचं शरीर घाबरल्या वेळचं रसायन रक्तात सोडतं, आणि तुमची छाती त्या शिपायाच्या छातीच्या ठेक्यात धडधडू लागते. त्याला काय वाटलं हे ऐकायचं कारणच उरत नाही. ते तुम्हालाच वाटतं.

बारा खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटची चारुशीलाची.

दृश्य सुरू झालं. रस्ता, बाभळी, मोटरसायकलचं हँडल. वस्तीची निळी पाटी मागे पडली. वळण. उठून उभा राहणारा तरुण. हात कमरेकडे. काहीतरी चमकलं. धडाका.

कुणीतरी किंचाळलं. विक्रांत भोगलेने खुर्चीचे हात असे पकडले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. चारुशीलाच्या शेजारी बसलेल्या पिठाच्या गिरणीवाल्या कमलताई तोंडावर पदर दाबून हुंदके देत होत्या. केळुसकर सर घामाने निथळत होते आणि त्यांचा उजवा हात कमरेजवळ घट्ट मिटला होता.

चारुशीलाला मानेला मुंग्या आल्यासारखं झालं, बस. छाती आपल्या नेहमीच्या चालीने चालली होती. क्षणभर तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकं काळीज दगडाचं आहे का आपलं? आणि मग तिच्या लक्षात आलं, सकाळची गोळी. ते घाबरवणारं रसायन हृदयाच्या दारावर थाप मारतं. तिची पांढरी गोळी रोज सकाळी त्या दाराला आतून कडी घालते.

पण छाती शांत असल्यामुळे तिने जे पाहिलं ते इतर कुणी पाहिलं नव्हतं. चमकलं ते पातं नव्हतं. प्लास्टिकच्या पाकिटाचा कोपरा होता, त्यावर तिरपं ऊन पडलं होतं. आणखी एक. दृश्याच्या खालच्या कडेला घोलपच्या नाडीचा आकडा धावत होता. बादल दिसल्यावर तो वाढला नव्हता. तो चढला वळणाच्या आधीच, वस्तीची निळी पाटी दिसली तेव्हा. बादल पडद्यावर आला तोवर भीती शिगेला पोचून त्याची वाट पाहत होती.

मतं घेतली तेव्हा अकरा चिठ्ठ्या निर्दोष म्हणाल्या आणि एक दोषी.

"कोण आहे हो हा शहाणा?" विक्रांतने विचारलं.

"मी," चारुशीला म्हणाली.

"बाई, तुम्ही तिथे बसलाच होता ना? का डोळे मिटून घेतले होते?"

"उघडे होते. म्हणूनच म्हणते. ते कार्ड होतं."

"आत्ता कळलं कार्ड होतं! त्या क्षणी कुठे कळत होतं? मी सांगतो ना, मीसुद्धा गोळी घातली असती!"

"तेच तर, विक्रांतभाऊ. तुम्ही माणूस पाहून घाबरलात की आधीच घाबरलेले होतात?"

कमलताईंनी हात जोडले. "माझे आई, सोड आता. माझ्या अंगाचं अजून पाणी पाणी होतंय. घाबरून त्या शिपायाच्या हातून गोळी सुटली, मुद्दाम नाही घातली त्याने. तुला बाई काळीज आहे का नाही?"

दोन दिवस हेच चाललं. डबे उघडले तरी चारुशीलाकडे चटणी सरकवायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या आवारात कडुलिंबाखालच्या बाकावर एकटीच बसली. केळुसकर सर दोन कप चहा घेऊन आले.

"चारू, खरं सांग. तुला त्या खुर्चीत काहीच झालं नाही ना?"

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"मी तुझ्याकडे पाहिलं होतं गं. सगळे थरथरत होते आणि तू पुढे वाकून बघत होतीस. वर्गातल्यासारखी."

तो प्रेमाचा सूर ऐकून तिच्या जिवाला इतकं बरं वाटलं की तिने सगळं सांगून टाकलं. हात, गोळी, परिचारिकेला दिलेलं उत्तर, निळी पाटी, नाडीचा आकडा. "सर, तुमची ती तीन पातेली. अकरा जणांनी हात आधी कढत पाण्यात बुडवला. माझाच तेवढा कोरडा राहिला. घोलपची भीती खरी होती, मला मान्य आहे. पण भीती खरी असली म्हणून तिचं कारण खरं होतं का? आणि सर, बादलच्या छातीवर पट्टा नव्हता. तो किती घाबरला होता, हे कोणत्या खुर्चीत बसून कळायचं?"

सरांचे डोळे चमकले. मुलाने अवघड गणित सोडवलं की चमकायचे तसे. "शाब्बास! म्हणजे तू या सगळ्या प्रयोगातला, बाकीच्यांशी ताडून पाहायचा, हात न लावलेला नमुना आहेस. पाटीचं माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"पण गोळीचं कुणाला सांगू नका, सर. दुकान बसेल माझं. पाटीचं तुम्ही समजावून सांगा. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

"उद्या सकाळी," सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू निश्चिंत राहा."

खूप दिवसांनी ती निश्चिंत झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पंचांच्या खोलीकडे निघाली तेवढ्यात न्यायालयाचा शिपाई आडवा आला. "बाई, साहेबांनी दालनात बोलावलंय." आत न्यायाधीश होते, दोन्ही बाजूंचे वकील होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत केळुसकर सर होते. सरांची नजर स्वतःच्या चपलांवर होती.

न्यायाधीश शांतपणे बोलले. "तांबटबाई, तुम्ही काही औषध घेता का?"

तिने सरांकडे पाहिलं. सरांनी मान वर केली नाही.

"घेते."

"त्यामुळे समस्पंदाचा पुरावा तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, असं प्रमुख पंचांचं म्हणणं आहे. शिवाय शपथेआधी तुम्ही खोटं उत्तर दिलंत. मला तुम्हाला पंच म्हणून ठेवता येणार नाही."

"साहेब, खोटं बोलले ते माझं चुकलं. त्याची काय ती शिक्षा द्या. पण पुरावा माझ्यापर्यंतच पोचला. नाडीचा आकडा पुन्हा एकदा बघा. तो पाटीपाशी—"

"हे तुम्ही पंचांच्या खोलीत मांडायला हवं होतं."

"ते सर मांडणार होते."

सरकारी वकिलांनी घाईने काही टिपून घेतलं, पण न्यायाधीशांनी नकारार्थी मान हलवली. जी आता पंच नाही, तिचं मत नोंदवता येणार नव्हतं. बारावी खुर्ची राखीव पंचाला मिळाली, आणि त्यालाही ते दृश्य दाखवलं गेलं. त्याची तब्येत ठणठणीत होती, त्याला कसलीही गोळी चालू नव्हती. जेवणाच्या सुट्टीच्या आत एकमताने निकाल लागला. तुषार घोलप निर्दोष.

शेवंताबाई न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसून होती. चारुशीला तिच्याजवळून गेली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

हातांची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. विक्रांतने चष्मे परत आणून दिले नाहीत, पण नवे न्यायला त्याच्या घरचं कुणी आलं नाही. बाजारात लोक तिच्या चेहऱ्याआधी तिच्या हातांकडे बघू लागले. नवरा म्हणाला, "तुला सांगायची काय गरज होती?" तिने उत्तर दिलं, "मी गावाला नव्हतं सांगितलं. सरांना सांगितलं होतं." या दोन वाक्यांतलं अंतर त्याला कळलं नाही, आणि तिने समजावलंही नाही.

गावातलं आणखी काही बदललं, ते मात्र तिच्याखेरीज कुणी एकत्र जोडून पाहिलं नाही. कमलताईंनी वस्तीतल्या बायकांचं दळण घेणं बंद केलं. म्हणे त्या दारात आल्या की छातीत धस्स होतं. विक्रांतने व्यायामशाळेला लोखंडी जाळी बसवली. केळुसकर सरांची प्रयोगांची पिशवी खुंटीला लटकली ती लटकलीच. दर रविवारी वस्तीतली मुलं बाभळीखाली येऊन बसायची आणि ऊन चढलं की उठून जायची. खुर्चीतल्या चकत्या काढून ठेवल्या होत्या, पण मेंदू एकदा शिकलेला धडा असा सहजी पुसत नाही. घोलपच्या छातीतली भीती आता बारा छात्यांत घर करून राहिली होती.

उन्हाळा सरताना एका सकाळी सर दुकानात आले. खूप वाळले होते. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "दांडी सैल झालीय."

"ठेवा."

तिने स्क्रू शोधायला खण उघडला. सर उभेच होते.

"चारू, माझ्यावर रागावलीस ना?"

"नाही, सर. रागावले असते तर बरं झालं असतं. राग उतरतो."

"मी नियमाप्रमाणे सांगितलं गं. खोटं मला..."

"तुम्हाला न्यायालय समजून मी नव्हतं सांगितलं, सर. आणि गोळीचं सांगितलंत ते एक वेळ राहू दे. पाटीचं का नाही सांगितलंत? ते तर तुम्हाला पटलं होतं. तुम्ही शाब्बास म्हणाला होतात."

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "पटलं होतं. मग परत खोलीत गेलो. ते सगळे तसेच कापत बसलेले. मीही. तू म्हणतेस ते खरं धरलं तर माझ्या छातीत जे झालं ते खोटं म्हणायचं. ते कसं म्हणू? मला फक्त ते संपायला हवं होतं. वाटलं, एकदा निकाल लागला की थांबेल." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "थांबलं नाही. म्हणून आलोय. त्या गोळीचं नाव काय गं?"

चारुशीलाच्या हातातला पेचकस काचेवर टकटक वाजला. हल्ली दुकानात असताना ती गोळी घेऊन हात लपवत नसे.

तेवढ्यात दार ढकलून शेवंताबाई आत आली. चारुशीलाने तिला डोळे तपासून देते असा निरोप पाठवला होता, तेव्हापासून ती आज येईन, उद्या येईन करत होती. दुकानातली काच, आरसे, निकाल देणारे केळुसकर सर, हे सगळं पाहून ती दारातच बिचकली, आणि तिचा हात सवयीने कमरेकडे गेला.

सरांचा श्वास अडकला. ते मागे सरले, पाठ भिंतीला टेकली, आणि त्यांचा उजवा हात स्वतःच्या कमरेवर आपटला. जिथे कधीच काही लटकलेलं नव्हतं, तिथे बोटं काहीतरी शोधू लागली.

शेवंताबाईने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. कुणी काही विचारायच्या आधी.

कुणीच हललं नाही. सरांची बोटं हळूहळू सैल झाली. चष्मा काउंटरवर होता, डोळे उघडे होते.

"कार्ड आहे," सर पुटपुटले. "चारू, मला चष्म्यावाचून दिसतंय. कार्ड आहे ते."

"तेव्हाही दिसत होतं, सर," चारुशीला म्हणाली.

मग ती काउंटरमागून बाहेर आली, शेवंताबाईचं कार्ड तिच्या हातात मिटवून परत दिलं आणि स्टूल पुढे ओढलं. "बसा, मावशी. इथे ते दाखवावं लागत नाही." नजर तपासायची जड चौकट तिच्या नाकावर ठेवताना चारुशीलाचे हात थरथरत होते. शेवंताबाईने ते पाहिलं, पण मान हलवली नाही. स्थिर बसून राहिली, चौकट नीट बसेपर्यंत.